रिम किती इंची, टायर किती रुंद? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार. माझ्याकडं आय२० एन लाइन आहे, २०२२ची, टर्बो. कंपनीचा टायर १९५/५५ आर१६. कामानिमित्त जालना ते संभाजीनगर समृद्धीनं जाणं येणं असतं आणि बहीण चाळीसगावला दिलेली आहे त्यामुळं महिन्यातून एकदा कन्नडचा घाट असतोच. गाडी पळायला मस्त आहे पण घाटात वळणावर पुढून सरकल्यासारखी वाटते, स्टेरिंग फिरवलं की जरा उशिरानं वळते. टायरवाले म्हणायलेत २२५/४० आर१८ टाका, आठ होलची अलॉय आहे, साडेसात जे म्हणजे साडेसात इंच रुंद, ईटी ३५, मग गाडी रस्ता सोडत नाही. मित्र म्हणायलेत १७ बास झाले. आत्ताचे टायर ४४ हजार किलोमीटर चाललेत. काय करू?
— एक वाचक, जालना

उत्तर : भाऊ, गाडी पुढून का सरकते याचं निम्मं उत्तर तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. ४४ हजार किलोमीटर चाललेला टायर, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, त्यात गाडी उन्हात उभी, म्हणजे नक्षी थोडीफार शिल्लक दिसली तरी रबर कडक झालेलं असणार. अंगठ्याचं नख टायरच्या नक्षीत दाबून बघा, मग एखाद्या नवीन टायरवर तसंच दाबून बघा, फरक बोटालाच कळंल. नव्यात नख रुततं, जुन्यात घसरतं. वळणावर गाडी धरून ठेवायचं काम रबर करतं, रिम नाही, आणि तुम्ही आता खर्च करायला निघालात तो सगळा रिमवर.

आता १८ चं गणित करूया कारण हे गणित दुकानात कोणी करून दाखवत नाही. १९५/५५ आर१६ म्हणजे टायर १९५ मिलिमीटर रुंद, त्याची बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर उंच, आणि रिम १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. भिंत वर एकदा खाली एकदा असं दोनदा धरायची, मग पूर्ण चाक झालं ६२१ मिलिमीटरचं. २२५/४० आर१८ चं असंच केलं तर ६३७ येतं. म्हणजे चाक १६ मिलिमीटरनं मोठं, २.६ टक्के. मीटर जेवढं दाखवतं त्याच्यापेक्षा गाडी तेवढी जास्त पळणार, समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे तिथं हा फरक ३ किलोमीटरचा होतो. पण मला त्याच्यापेक्षा जास्त टोचतं ते हे की प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला, एक लिटरच्या इंजिनाला जास्त जड आणि जास्त मोठं चाक फिरवायला लावलं, म्हणजे घाटात वळणातून बाहेर पडताना जो जोर पाहिजे तो तुम्ही स्वतःच्या पैशानं कमी केला.

वजनाचं लोकांच्या लक्षातच येत नाही. दुकानात गेलात की एक करा, तुमचं १६ चं चाक टायरसकट वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि ते दाखवतायत ते १८ चं पण ठेवायला लावा. स्वस्तातली ओतीव अलॉय मोठी झाली की जड होतेच आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, खड्ड्यातून चाक वर उडालं की शॉकअबला ते परत खाली रस्त्यावर दाबून आणायचं असतं. चाक जड असंल तर ते उशिरा खाली येतं, आणि जेवढा वेळ चाक हवेत तेवढा वेळ ग्रिप शून्य. सपाट रेसट्रॅकवर हे चालून जातं, आपल्याकडच्या काळ्या मातीवरच्या रस्त्यावर चालत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं वरचं डांबर गुळगुळीत दिसलं तरी रस्त्याला लाटा आलेल्या असतात, परभणीकडं गेलेल्या कोणालाही विचारा.

रुंद टायरबद्दल एक मोठा गैरसमज आहे तो पण इथंच काढून टाकतो. टायर रुंद केला म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकलं असं नसतं. समजा तुमच्या गाडीचं माणसांसकट वजन ११०० किलो, एका चाकावर सरासरी २७५ किलो आले, हवा ३३ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार करा, १२० चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं, आपल्या हाताच्या पंजाएवढी जागा. तेवढ्यावर एक चाक उभं असतं. टायर रुंद घेतला आणि हवा तेवढीच ठेवली तर ही जागा जवळपास तेवढीच राहते, फक्त आडवी रुंद आणि उभी आखूड होते. आडवी रुंद झाल्याचा वळणावर फायदा नक्की आहे, स्टेरिंगला चाक लवकर उत्तर देतं. पण त्याची किंमत पावसात मोजावी लागते, रुंद टायर पाणी बाजूला सारायला कमी पडतो आणि कमी स्पीडलाच पाण्यावर तरंगायला लागतो. जुलैत समृद्धीवर एखादी सर येऊन गेल्यावर हे लक्षात ठेवा.

आणि ईटी. हे दोन अक्षरी प्रकरण सगळ्यात जास्त गाड्या बिघडवतं. रिमच्या रुंदीच्या मधल्या रेषेपासून ती हबला (चाक ज्यावर आवळतात तो भाग) टेकते ती जागा किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा म्हणजे ईटी. आकडा कमी झाला की चाक गाडीच्या बाहेर येतं. समजा तुमची मूळची रिम ६ जे आणि ईटी ४५ आहे (रिमच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं, चाक खोलून नीट बघा) आणि तुम्ही ७.५ जे ईटी ३५ बसवली, तर बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली ९ मिलिमीटर आत जाते. २९ मिलिमीटर म्हणजे तीन सेंटीमीटरच आले की. दिसायला भारी दिसतं, मागं चार माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो, बेअरिंगवर ताण वाढतो आणि मुख्य म्हणजे स्टेरिंगचा स्वभाव बदलतो, ब्रेक मारला की एका बाजूला ओढल्यासारखं, रस्त्याच्या प्रत्येक चरीत स्टेरिंग हातातून फिरायला बघतं. हँडलिंग सुधारायला गेलो आणि हँडलिंगच गेलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः माझ्या आधीच्या सेडानला १५ च्या जागी १७ बसवले होते, ईटी काय हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं आणि ज्यानं बसवून दिले त्यानं सांगितलं नाही. पहिले दोन महिने गाडीकडं वळून वळून बघायचो. मग एका रात्री मांजरसुंब्याकडून बीडकडं येताना एक खड्डा गेला, मोठा पण नव्हता, गाडी तशीच चालवत घरी आणली आणि सकाळी बघितलं तर पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा, आणि रिमची आतली कड चेपलेली. फुगा म्हणजे आतले धागे तुटले, फक्त वरचं रबर हवा धरून आहे. बोटानं दाबला तर मऊ लागला आणि पोटात गोळा आला, कारण आदल्या रात्री त्याच टायरवर बायको मुलांसकट ऐंशीनं आलो होतो. त्या आठवड्यात परत १५ वर आलो. तेव्हापासून मी कोणालाही भिंत कमी करा म्हणून सहज सांगत नाही.

मग तुम्ही काय करायचं. माझं स्पष्ट मत, रिम आहे तीच ठेवा आणि पैसे रबरावर घाला. १९५/५५ आर१६ मध्येच चांगल्या ग्रिपचा टायर मिळाला तर तोच घ्या, जास्त किलोमीटरची गॅरंटी सांगणारा टायर घेऊ नका, कारण जो टायर झिजत नाही तो बहुतेक वेळा धरत पण नाही. या साइजमध्ये मनासारखा टायर नाही मिळाला तर २०५/५५ आर१६ बघा, स्लाव्हिया आणि व्हर्टससारख्या सेडानला हाच साइज येतो त्यामुळं दुकानात निवड भरपूर असते. चाक ६३२ मिलिमीटर होतं, १.८ टक्के मोठं, चालण्यासारखं आहे, फक्त घ्यायच्या आधी एक टायर बसवून स्टेरिंग दोन्ही बाजूला शेवटपर्यंत फिरवून आत कुठं घासत नाही ना ते बघा. लोड इंडेक्स ८७ च्या खाली जायचं नाही, ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो. स्पीडचं अक्षर पण गाडीच्या पुस्तकात दिलंय त्याच्या खालचं नको, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. टायर बसले की अलाइनमेंट करून घ्या आणि कागदाची प्रिंट मागून घ्या, नुसतं झालं म्हटल्यावर विश्वास ठेवू नका.

एवढं करून घाटात जाऊन या. त्यानंतरही १७ च पाहिजे असं वाटलं तर २१५/४५ आर१७ घ्या, त्याचं पूर्ण चाक ६२५ येतं म्हणजे मूळच्यापेक्षा एक टक्का पण फरक नाही, मित्र बरोबर सांगतायत. रिम ७ जे, ईटी मूळच्या आकड्याच्या जवळ, पाच इकडंतिकडं, आणि वजनाला हलकी. आठ होलची रिम शक्यतो नकोच, चार होलची १०० पीसीडीची (होल ज्या गोलावर असतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर) घ्या, आणि मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं नसंल तर तेवढी रिंग टाकून घ्या नाहीतर नव्वदच्या पुढं स्टेरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग करत फिरतात. नट नवीन रिमच्या खोबणीला बसणारेच पाहिजेत आणि टॉर्कच्या पान्यानं आवळायचे, एअर गननं ठोकून नाही, आणि शंभर किलोमीटर झाले की परत एकदा तपासायचे. आणि बदल करायच्या आधी विमा कंपनीला कळवा. कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण ते पक्कं केलंय.

एक गोष्ट सांगायची राहिली, मला ती फार आवडते. लोटस एलिस ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९९६ मध्ये आली तेव्हा तिला पुढं १८५/५५ आर१५ आणि मागं २०५/५० आर१६ एवढेच टायर होते. तुमच्या आय२० चा टायर तिच्या पुढच्या टायरपेक्षा रुंद आहे. आणि वळणावर चालवायला जगातल्या सगळ्यात गोड गाड्यांमध्ये आजही तिचं नाव घेतात, कारण गाडीचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. २०१२ च्या टोयोटा जीटी ८६ या स्पोर्ट्स कारला तर २१५/४५ आर१७ मध्ये मिशेलिन प्रायमसी एचपी दिले होते, प्रियस या मायलेजवाल्या हायब्रिड गाडीच्या काही मॉडेलला यायचे तेच, मुद्दाम, म्हणजे कमी स्पीडला पण गाडी वळणावर बोलायला पाहिजे.

प्रश्न : मी जुनी बीएमडब्ल्यू झेड४ घेतली आहे, ई८९ मॉडेल. पुढं २२५/४० आर१८ आणि मागं २५५/३५ आर१८ आहेत, सगळे रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे. मागचे दोन्ही संपलेत, पुढचे अजून बरे आहेत. किंमत ऐकून छातीत धस्स झालं. चारही २२५ चे साधे टायर घेतले तर पुढचे मागं, मागचे पुढं करता येतील आणि दोन दोन वर्षं चालतील असा विचार करूलालो. चालंल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, नाही. सरळ नाही म्हणतो कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

गाडीची ताकद मागच्या चाकांना जाते आणि मागचा टायर पुढच्यापेक्षा ३० मिलिमीटर रुंद ठेवलाय तो शोभेसाठी नाही. वळणात तुम्ही एकदम पाय दाबलात किंवा घाबरून एकदम काढलात तर मागचा भाग आधी सुटू नये, सुटायचंच असंल तर पुढचा सुटावा, म्हणजे गाडी थोडी बाहेर जाते पण गोल फिरत नाही. हा तोल कंपनीनं टायरच्या रुंदीतून साधलाय. मागं २२५ टाकले की तो तोल गेला, आणि मागची रिम पण रुंद असते, त्यावर अरुंद टायर ताणून बसणार. दोन्ही साइजचं पूर्ण चाक काढून बघा, पुढचं ६३७ आणि मागचं ६३६ मिलिमीटर, म्हणजे रुंदी वेगळी पण उंची जवळपास एकच, कारण पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या स्पीडनं फिरली तर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा गोंधळ होतो. साइज बदलताना हे गणित सगळ्यात आधी.

रनफ्लॅट काढून साधे घ्यायचे असतील तर त्याला माझी ना नाही, उलट मला वाटतं गाडी छानच होईल, कारण रनफ्लॅटची भिंत जाड आणि ताठ असते, आपल्या रस्त्यावर ती प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचवते. पण घ्यायचे तर चारही साधे घ्या, पुढं रनफ्लॅट मागं साधे अशी खिचडी नको. तुमच्या गाडीला स्टेपनी नाही हे विसरू नका, डिकीत हवेचा छोटा पंप आणि पंक्चरचं सोल्यूशन कायम ठेवा, आणि रात्रीचा प्रवास असंल तर टो करणाऱ्याचा नंबर आधीच काढून ठेवा. भिंत फाटली तर सोल्यूशन काही कामाचं नाही.

चारही एकदम झेपत नसतील तर आत्ता मागचे दोन त्याच साइजचे, पुढं आहेत त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे रनफ्लॅट घ्या, साध्याचा विचार पुढचे संपतील तेव्हा. आणि ज्यांच्या गाडीला चारही टायर एकाच साइजचे आहेत त्यांनी पण ऐका, दोनच नवीन घेतले तर नवीन जोडी मागं बसवायची, गाडी पुढच्या चाकावर चालणारी असली तरी. पुढचा टायर घसरला तर स्टेरिंगनं काहीतरी करता येतं, ओल्या रस्त्यावर मागचा सुटला तर बहुतेक लोकांना काहीच करता येत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात हवा गरम होऊन टायर फुटतो म्हणून आमच्याकडचे पंक्चरवाले ३३ च्या जागी २८ ठेवा म्हणायलेत. गाडी मऊ चालते हे खरं, पण वळणावर लोळते. नायट्रोजन भरली तर फरक पडंल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : हे सांगून सांगून थकलो तरी परत सांगतो, उन्हाळ्यात हवा कमी करायची नाही. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची भिंत जास्त वाकते आणि सरळ होते, आणि ही वाकायची क्रियाच टायर तापवते. एखादी तार हातात घेऊन पटापट वाकवून बघा, वाकते तिथं चटका बसतो, तसंच. उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर जे टायर फुटतात त्यात कमी हवेचे आणि म्हातारे झालेलेच जास्त असतात. तापमान १० अंशानं वाढलं की हवेचा दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो, गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं त्यावरचा आकडा बघा, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा. दुपारी तीन वाजता परभणीच्या उन्हात पन्नास किलोमीटर येऊन ३८ दिसले म्हणून काढून टाकू नका, रात्रीतून ती परत खाली येते.

वळणावर लोळायचं कारण पण तेच, २८ वर टायरची भिंत रिमखाली दुमडते. खडूनं तपासता येतं. टायरच्या नक्षीवरून भिंतीपर्यंत खडूची एक आडवी रेघ मारा, पुढच्या दोन्ही चाकांना, आणि मोकळ्या रस्त्यावर दोन चार वळणं तुम्ही नेहमी घेता तशी घेऊन या. रेघ भिंतीवर बरीच खालपर्यंत पुसली गेली असंल तर हवा कमी आहे, नक्षीच्या कडेला पण शिल्लक राहिली असंल तर जास्त आहे, कडेच्या छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत पुसली असंल तर बरोबर. त्याप्रमाणं एक दोन पीएसआय वर करून बघा, स्टिकरच्या खाली मात्र नको.

नायट्रोजननं हँडलिंग बदलत नाही, आपण भरतो त्या हवेत पण ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तिचा उपयोग एवढाच की ओलावा नसतो आणि थोडी हळू उतरते. फुकट मिळाली तर भरा, पण दर पंधरा दिवसांनी मोजायचं चुकवू नका.

प्रश्न : बाहेरून आलेले वापरलेले स्पोर्ट टायर स्वस्तात मिळायलेत, नक्षी सत्तर टक्के आहे. घ्यावेत का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : टायरच्या भिंतीवर डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. १९१८ लिहिलंय म्हणजे २०१८ सालचा एकोणिसावा आठवडा, कोणी सांगितलं की टायर नवाच आहे तरी आधी हे वाचा. सहा वर्षांच्या वरचा असंल तर नक्षी नव्वद टक्के असली तरी सोडून द्या. त्याच्या आतला असला तरी आतून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, टायर रिमवरून उतरवलेला असतोच, हात घालून आतली बाजू सगळीकडून चाचपा. ठिगळ, चिरा, किंवा रबराचा काळा भुसा हाताला लागला, म्हणजे तो टायर हवा नसताना चालवलेला आहे.